पंख्यातलं कुंकू

“पप्पा, दहावीला तुम्हाला किती टक्के पडलेले?”

खरं म्हणजे हा प्रश्न संयोगिताच्या डोक्यातून निघालेला नव्हताच. तो निघाला क्रांतीच्या डोक्यातून, रंकाळ्यावर भेळ खाताना, आणि त्याच्यावर लिंबू पिळलं अवनीनं. सहामाहीचे पेपर नुकतेच हातात पडले होते आणि तिघींच्याही घरी ‘आमच्या वेळी’ची पारायणं बसली होती. आमच्या वेळी क्लास नव्हते, आमच्या वेळी गाईड नव्हती, आमच्या वेळी एकच पेन वर्षभर पुरायचं.

“एवढं हाय तर मार्क किती पडलेले ते का सांगत न्हाईत?” क्रांती म्हणाली. “आज रात्री जेवताना तिघींनी आपापल्या घरी इचारायचं. जी इचारणार न्हाय तिनं उद्या माझ्या डब्यातलं कारलं खायचं. सगळं.”

“संयू काय इचारतीया,” अवनी म्हणाली. “तिला भाकरी गिळंना व्हायची.”

इथंच सगळं बिघडलं. आठवीपर्यंत हे बोलणं खरं होतं. संयू हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते तिच्या बाकावरच्या मुलीला ऐकू गेलं तरी पुष्कळ. पण यंदा, नववीत, जूनमध्ये प्रार्थनेच्या वेळी माइक मुका झाला. शिपाईमामा कुठं दिसेनात. हे शिपाईमामा म्हणजे गेल्याच वर्षी बाहेरून दहावीला बसून पास झालेले आणि मुख्याध्यापकांपासून पहिलीच्या पोरांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटलेले गृहस्थ. तर ते नाहीत, सर नुसतेच माइकवर टिचक्या मारतायत, आणि संयूला काय झालं कोण जाणे, ती रांगेतून बाहेर आली, मागची वायर काढून फुंकर मारून पुन्हा खोचली आणि माइकवर “हॅलो” म्हणाली. तिचा आवाज मैदानभर घुमला. तिनं स्वतःचा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच ऐकला आणि तिला तो आवडला. त्या दिवशी तोंडाचं जे कुलूप निघालं ते निघालंच. आई म्हणायची, “कुलूप निघालं ते निघालं, किल्ली बी कुठंतरी हरवून आलीया.”

तर संयूनं विचारलं. आमटीत भाकरी कुस्करणारे पप्पांचे हात थांबले.

“नापास,” ते म्हणाले.

संयूला वाटलं, चेष्टा चाललीय. “नापास म्हंजे किती टक्के ते सांगा की.”

“गणिताच्या पेपराला बसलोच न्हाय. नापास.”

आणि ते उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच. हे त्या घरात कधी झालं नव्हतं. पप्पांचं ताट घासायला घेतलं तर आई म्हणायची, ह्याला पाणी दाखवलं तरी बास. आईनं संयूकडं बघितलं, आणि त्या बघण्यात रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत निकाल जाहीर झाले. अवनीच्या बाबांनी ऐंशी सांगितले होते, मग आतल्या खोलीतून तिची आत्या ओरडली की अठ्ठावन्न. क्रांतीच्या आईनं उत्तर न देता लाटणं दाखवलं.

“तुझ्या पप्पांना?” दोघींनी एकदम विचारलं.

संयू म्हणाली, “मी इचारलंच न्हाय.” आणि क्रांतीचा डबा पुढं ओढून तिनं कारलं खाल्लं. सगळं. पाणीसुद्धा न पिता.

*

संयूचे पप्पा जोतीराम शाळेची पिवळी व्हॅन चालवायचे. व्हॅनमधली पोरं त्यांना जोतीमामा म्हणायची. चाळीसच्या वर काटा गेलेला कुणी पाहिला नव्हता. सायकलवाले मागून येऊन पुढं निघून जायचे. पुढच्या सीटवर, पप्पांच्या शेजारी, संयूची जागा ठरलेली. आणि पहिलं पोर चढेपर्यंत त्या दोघांचा एक खेळ चालायचा. समोरच्या गाडीच्या नंबराचे चारी आकडे मनात मिळवायचे, जो आधी बेरीज सांगेल तो जिंकला. बेरीज फारच सोपी झाली तर गुणाकार. पप्पाच जिंकायचे. कधीतरी मुद्दाम हरायचे, ते संयूला कळायचं, आणि तिला कळतं हे पप्पांना कळायचं.

त्या प्रश्नानंतरच्या सकाळी समोर उसाचा ट्रॅक्टर होता. त्याच्या मागच्या ट्रॉलीवर नंबर अगदी स्वच्छ दिसत होता.

“सव्वीस,” संयू म्हणाली.

वळण आलं, पप्पांनी इंडिकेटर लावला, आणि व्हॅनमध्ये नुसती त्याची टिकटिक ऐकू येत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. रागावलेत असंही नाही. डबा घेतलास का विचारायचे, दार नीट लाव म्हणायचे. पण आकडे बंद. जणू आकड्यांचं आणि त्यांचं वाकडं आलं होतं, आणि ते वाकडं संयूनं आणलं होतं.

आईची शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत होती. फॉल-पिकोचं काम आई घरीच करायची. संयू तिच्या पायाशी जाऊन बसली, तुटलेले दोरे गोळा करत.

“जगात दुसरं काय इचारायला न्हवतं व्हय गं?” आई म्हणाली.

“मला काय म्हाईत?”

आईनं मशीन थांबवलं नाही. बोलता बोलता शिवत राहिली, त्यामुळं गोष्ट मध्येमध्ये मशीनच्या आवाजात बुडायची आणि पुन्हा वर यायची.

“इचलकरंजीत एसटी स्टँडच्या मागं व्हिडिओ गेमचं दुकान हुतं. त्यात मोटारींच्या शर्यतीचं एक मशीन. बसायला खरी सीट, हातात खरं स्टेअरिंग. हे शाळा सुटली की तिथं. जिंकणाऱ्याच्या नावाची तीन इंग्लिश अक्षरं ते मशीन पडद्यावर दाखवायचं. गणिताच्या पेपरादिवशी सकाळी हे गेले. छातीत धडधडतंय, एक डाव खेळून मग जाऊ म्हणून. आणि नेमका त्याच दिवशी डाव संपंना. हरंनातच.”

“मग?”

“मग पैला नंबर. जे, ओ, टी. पोरांनी खांद्यावर घेऊन नाचवलं म्हणं. आणि शाळेच्या गेटला पोचले तवा गेट बंद.”

आईनं दोरा दातानं तोडला.

“संध्याकाळी परत दुकानात गेले. नाव तरी बघावं म्हणून. तर दुपारी लाईट गेलेली. लाईट आली, मशीन चालू झालं, पर त्याच्या पोटात काय शिल्लकच न्हाय. नाव पुसलेलं. तुझ्या आजोबांनी, आण्णांनी, दुसऱ्या आठवड्यात कबनूरला न्हेऊन कापडाच्या मागावर उभं केलं. पुढं लग्न झाल्यावर बसच्या ड्रायव्हरची जागा निघाली हुती. दहावी पास पायजे म्हणाले. हे गेले तसे परत आले. त्या दिवशी रात्री मला हे सगळं सांगितलं, आणि म्हणाले, आता परत कधी इचारू नको.”

संयूच्या हातातले दोरे गोळा करायचे राहून गेले. गणितात वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला, ते गणित ज्याच्याकडून आलं त्या माणसाचा गणिताचाच पेपर कसा हुकला ते आज कळत होतं, आणि तेही कधी, तर भाकरीचा घास तोंडाजवळ नेलेल्या त्याच माणसाला टोचून झाल्यावर.

तिनं ठरवलं. पप्पांचं नाव परत आणायचं.

*

जुनं मशीन आता इचलकरंजीत नव्हतं, कुठंच नव्हतं. पण एम्युलेटर नावाची एक चीज असते हे संयूला ठाऊक होतं. एम्युलेटर म्हणजे सोंग. लॅपटॉपनं जुन्या गेमच्या मशीनचं सोंग घ्यायचं. तसंच बोलायचं, तसंच वागायचं, आणि गेमला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही की आपण भलत्याच्याच पोटात चालतोय. मात्र सोंग वठवायला मूळ मालकापेक्षा दुप्पट-चौपट दम लागतो, कारण बिचाऱ्याला दोघांचं काम करायचं असतं, स्वतःचंही आणि सोंगाचंही. आणि हा सगळा दम एकट्या प्रोसेसरचा.

घरातला लॅपटॉप अभिराममामाचा. मामानं तो वापरून वापरून गुळगुळीत केला आणि कोरोनात संयूची शाळा मोबाइलच्या टीचभर पडद्यावर चाललेली बघून देऊन टाकला. बॅटरी मेलेली, त्यामुळं कायम वायर लावून. वरून आईनं उरलेल्या खणाचं शिवलेलं झबलं, लाल-हिरवं, काठासकट. त्याचा मुक्काम आईच्या मशीनशेजारच्या टेबलावर.

संयूनं एम्युलेटर घातला, तो मोटारींचा खेळ शोधून काढला, पप्पा दुपारच्या शाळेच्या पोरांना सोडायला गेलेले बघून सुरू केला. पडद्यावर लाल मोटार आली, हिरवा झेंडा हलला, आणि मोटार निघाली ती चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखी. आवाज तर असा की कुणीतरी पाण्यात बुडता बुडता गाणं म्हणतंय. सेकंदाला साठ चित्रं पडद्यावर यायला हवीत, येत होती जेमतेम अठरा.

“सगळी सोंगं आणता येतात, दमाचं आणता येत न्हाय,” आई सुईत दोरा ओवत म्हणाली. तिला हे सगळं शाळेचं प्रोजेक्ट वाटत होतं.

संयू मागं हटणाऱ्यांतली राहिली नव्हती. आठवी संपली होती. तिनं शोधाशोध केली, वाचलं, व्हिडिओ बघितले. पहिली चोरी लगेच सापडली. मामानं कधीकाळी लॅपटॉप ‘बॅटरी वाचवा’वर टाकून ठेवला होता, आणि बॅटरी मरून गेली तरी हा इमानी गडी अजून तिला वाचवत होता. वायर लावलेली असतानाही निम्म्या जोरानं चालत होता. तिनं त्याला पूर्ण जोरावर टाकलं. अठराचे अठ्ठावीस झाले.

मग तिनं बघितलं, लॅपटॉप सुरू झाला की त्याच्याबरोबर कोणकोण उठतंय. दोन-दोन अँटीव्हायरस, एकमेकांवर पहारा ठेवत बसलेले. मामाच्या जुन्या ऑफिसचं कसलंसं हिशेबाचं काहीतरी. आणि कोरोनातल्या वर्गाचं व्हिडिओ कॉलचं ॲप. शाळा भरायला लागून वर्षं झाली, पण ते रोज सकाळी लॅपटॉपबरोबर जागं व्हायचं आणि बाईंची वाट बघत मागं बसून राहायचं. ते बंद करताना संयूला उगाच वाईट वाटलं. जा बाबा आता घरी, सुट्टी झाली, ती मनात म्हणाली. एकेकाला असं घरी धाडल्यावर, आणि खेळातली चित्रं थोडी कमी बारीक करून टाकल्यावर, आकडा पन्नासच्या पुढं गेला. मोटार धावायला लागली. खरीखुरी धावायला लागली, आवाज बुडायचा थांबला, संयू खुर्चीतच उडाली.

आणि दुसऱ्या चक्करला मोटार पुन्हा चिखलात.

असं रोज. सुरुवातीला वारा, मग बैलगाडी. तिनं टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि प्रोसेसरच्या वेगाचा आकडा बघत बसली. खेळ सुरू झाला की आकडा वर, थोड्या वेळानं धाडकन खाली. लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला तर तवा. म्हणजे गडी थकत नव्हता, तापत होता. फार तापला की जळू नये म्हणून प्रोसेसर आपला आपणच हळू चालायला लागतो, हे तिनं वाचलं होतं.

“फ्रिजमध्ये ठेव,” क्रांती म्हणाली.

“फ्रिजात ओल धरतंय. त्यापेक्षा टेबलफॅन लाव,” अवनी म्हणाली.

टेबलफॅन लावला, तर आईच्या शिवायच्या साड्या उडायला लागल्या. मग खालून हवा मिळावी म्हणून संयूनं लॅपटॉप पोळपाटावर चढवला. पोळपाटाला पाय असतात, त्यामुळं आयताच उंच. हे आईनं बघितलं ते भाकरी करायच्या वेळेला.

“काय चाललंय हे?” आई म्हणाली. “आता भाकरी त्या लॅपटॉपवर थापू व्हय?”

पोळपाट गेला, त्याच्या जागी दोन कंपासपेट्या आल्या. फरक पडला, पण शर्यत संपण्याइतका नाही. एकच रस्ता उरला होता. लॅपटॉप उघडायचा आणि आतला पंखा बघायचा. आणि हा उघडून पुन्हा बंद नाही झाला तर? घरातला एकुलता एक लॅपटॉप. आईच्या झबल्यासकट. तिला पहिल्यांदा वाटलं की आठवीतली संयू बरी होती, असल्या भानगडीत पडायची नाही.

मधल्या सुट्टीत क्रांतीनं तिच्या हातात एक बारीकशी सिरिंज ठेवली. आत करड्या रंगाचं काहीतरी होतं.

“सम्राटदादाच्या दुकानातनं आणलंय,” क्रांती म्हणाली. सम्राट तिचा मोठा भाऊ, मोबाइल रिपेअरीवाला. “थर्मल पेस्ट. प्रोसेसरचा ताप ओढून घेती. पंखा काढलास की जुनी पुसायची, ही लावायची. मसूर डाळीएवढीच. जास्त लावलीस तर तुझ्या तोंडाला लावीन म्हणालाय.”

“तुला कुणी सांगितलं आणायला?”

“कोण सांगतंय.” क्रांती दुसरीकडं बघत म्हणाली. “तू कारलं खाल्लंस ना, तवाच कळलं मला. तू इचारलं हुतंस.”

संयूनं आपल्या डब्यातली गूळपोळी मोडून मोठा तुकडा क्रांतीला दिला.

*

रविवारी सकाळी व्हॅन धुऊन पप्पा आत आले तर संयू जमिनीवर लॅपटॉप पालथा घालून बसलेली. झबलं शेजारी घडी करून ठेवलेलं. हातात आईच्या मशीनचा स्क्रूड्रायव्हर, आणि तो स्क्रूच्या खाचेत जाईना.

“काय करतीयास?”

“तापतोय. पंखा बघायचाय.”

पप्पा तसेच आत गेले. संयूला वाटलं, संपलं. पण ते आले ते चष्म्याच्या दांड्या आवळायचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन, आणि दुसऱ्या हातात स्टीलचं ताट.

“निघंल तो स्क्रू ताटात ठेवायचा,” ते खाली बसत म्हणाले. “आणि लॅपटॉपवर ज्या कोपऱ्यातनं काढलास, ताटात बी त्याच कोपऱ्यात. माग खोलताना आण्णांनी मला हेच शिकवलं. ताट बघितलं की मशीन दिसाय पायजे.”

कितीतरी दिवसांनी ते एवढं बोलले होते. संयूनं मान वर केली नाही. वर केली तर बोलणं बंद होईल अशी भीती वाटली. एकेक स्क्रू निघून ताटात गेला, ताटात हळूहळू लॅपटॉपचा आकार उमटला, आणि पप्पांनी नखानं झाकणाची कड उचलली.

दोघंही बघतच राहिले.

पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी एक जाड गादी होती, आईच्या साड्यांच्या बारीक तंतूंची, गुलाबी, मोरपंखी, पिवळी. आणि ती सगळी गादी लालबुंद कुंकवानं माखलेली. मध्येमध्ये हळदीचे पट्टे. संयूनं आईच्या मशीनची धूळ झाडायचा जुना ब्रश घेऊन थोडं उकरलं तर पात्याच्या फटीत अडकलेला एक तांदळाचा दाणा निघाला. मग आणखी एक. मग झेंडूची एक सुकलेली पाकळी.

“खंडेनवमी,” पप्पा म्हणाले.

आणि ते हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतनं पाणी. “अगं ए,” त्यांनी आत हाक मारली, “तुझा देव बघ कसा पावलाय लॅपटॉपला.”

आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. शिलाई मशीन, कात्री, विळी, व्हॅन. आणि लॅपटॉप घरात आल्यापासून तोसुद्धा. मशीनला वर चाकावर कुंकू लागायचं, व्हॅनला बॉनेटवर. पण लॅपटॉपला नेमकं कुठं लावायचं हे शास्त्रात लिहिलेलं नव्हतं. आईनं आपल्या मनानं बाजूची जाळी पसंत केली होती. दरवर्षी मुठीनं हळदकुंकू, अक्षता, फूल.

“म्हंजे मी त्याच्या नाकातच कुंकू भरलं व्हय,” आई खाली बसली. तिचा चेहरा पार उतरला. “मला वाटलं तिथं नक्षी हाय. सगळ्या जगाच्या शाळा बंद पडल्या तवा ह्याच्या जिवावर हिची शाळा चालली. म्हणून मशीनच्याही आधी ह्याची पूजा करत हुते मी.”

“आई, निम्मी तर साड्यांची धूळच हाय,” संयू म्हणाली. “आणि कुंकू आत गेलंय ते पंख्यानं ओढून घेतलंय. म्हंजे त्याला बी आवडत असंल.”

“चावट,” आई म्हणाली, पण तिचा चेहरा थोडा वर आला. संयू ते सगळं खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली तर तिनं मनगट धरलं. “देवाला वाहिलेलं ते. केरात न्हाय टाकायचं.” तिनं कागदावर ती रंगीत गादी गोळा केली, तांदळाचे दाणे आणि पाकळीसकट, आणि जाऊन तुळशीच्या कुंडीत घातली. पुढं महिनाभर त्या कुंडीतल्या मातीत एखादा मोरपंखी तंतू चमकायचा.

पंखा साफ झाला. प्रोसेसरवरचं तांब्याचं पातं उचललं तर जुनी पेस्ट फळ्याखालच्या खडूसारखी भुरभुरत होती. ती पुसली, मसूर डाळीएवढा ठिपका ठेवला, ताटातले स्क्रू आपापल्या कोपऱ्यात परत गेले. एकही उरला नाही. संयूनं बटण दाबलं. पडदा उजळला. पंखा आधी भुंग्यासारखा घोंघावायचा, आता कान देऊन ऐकावं लागत होतं.

“झालं तुझं प्रोजेक्ट,” पप्पा उठत म्हणाले.

“थांबा की.”

तिनं खेळ सुरू केला.

आधी इंजिन गुरगुरलं, मग तीन वेळा टुंग-टुंग-टुंग, मग घंटा. पप्पा दाराकडं निघालेले. दुसऱ्या टुंगला त्यांचं पाऊल थांबलं. घंटा झाली तेव्हा ते वळले होते.

पडद्यावर लाल मोटार उभी होती, समुद्राकाठचा रस्ता, निळं आभाळ.

“आई बोलली तुला,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

“मी इचारलं म्हणून बोलली.” संयू म्हणाली. “पप्पा, मला म्हाईत न्हवतं. मैत्रिणींची पैज हुती. पर तुम्हाला इचारल्यावर... तुम्ही आकडे बंद केलासा.”

नुकतीच पायात सरकवलेली चप्पल काढून पप्पा, जसं देवळात शिरावं तसं, येऊन तिच्या शेजारी बसले.

“आकडे तुझ्यावर रागावून न्हाय बंद केले,” ते म्हणाले. “मला वाटलं, पोरगी गणितात पैली येती, आणि आता तिला कळलं की ज्याच्याबरोबर बेरजा करती त्यो गणिताच्या पेपरातनं पळालेला गडी हाय. कुठल्या तोंडानं सव्वीस म्हणू?”

“सव्वीस मी म्हणालेले.”

“ते बी चुकीचं. सत्तावीस हुतं.”

म्हणजे केली होती. बेरीज केली होती त्यांनी मनात. संयूला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं सरकवला.

पहिल्या डावात पप्पांनी मोटार थेट समुद्रात घातली. “हे बटणांवर कसलं चालवायचं, स्टेअरिंग पायजे,” ते म्हणाले. दुसऱ्या डावात कठड्यावर. आई दारात उभी राहून म्हणाली, “आणि म्हणं खांद्यावर नाचवलेलं.” तिसऱ्या डावात त्यांची पाठ ताठ झाली. बोटांना काहीतरी आठवत होतं. “ह्या वळणाला सगळी ब्रेक दाबतात,” ते पडद्यावरची नजर न काढता सांगत होते, “दाबायचा न्हाय. नुसता पाय उचलायचा. गाडी आपली आपण घसरती, तिला घसरू द्यायचं.” मोटार घसरली, सावरली, निघाली. चाळीसच्या वर काटा न नेणारे जोतीमामा पुढं झुकून, ओठ दाबून, दोनशेच्या वेगानं समुद्राकाठनं चालले होते. संयू पडद्याकडं बघतच नव्हती, ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. चक्करमागून चक्कर झाली. लॅपटॉपनं कुठंही दम टाकला नाही.

पहिला नंबर नाही आला. तिसरा आला. पण तिसऱ्यालाही नाव लिहायला मिळतं. पडद्यावर तीन रिकाम्या जागा लुकलुकायला लागल्या.

पप्पांचा हात थांबला. मग एकेक अक्षर. जे. ओ. टी.

“आता हे राहतंय,” संयू म्हणाली. “मी साठवून ठेवलंय. लाईट गेली तरी जाणार न्हाय.”

“असं सगळीच म्हणतात,” आई म्हणाली. आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं भिंतीतलं बटण खट्कन बंद केलं. बॅटरी मेलेली. पडदा काळा. पप्पा ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले, आणि संयूला दिसलं, एका क्षणात ते इचलकरंजीच्या त्या दुकानात जाऊन उभे राहिले होते.

आईनं बटण चालू केलं. लॅपटॉप उठला, आता पुष्कळ लवकर उठला. संयूनं खेळ उघडला. समुद्र आला, आभाळ आलं, मग नावांची पाटी आली. तिसऱ्या ओळीत, जिथल्या तिथं, जे-ओ-टी.

आईनं पदर तोंडाला लावला. पप्पांनी पडद्यावरच्या त्या अक्षरांना बोट लावलं, जसं शाईचं नाव ओलं आहे का बघतात तसं.

“नाव आलं की गं परत,” ते हळूच म्हणाले. मग हसून, कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं, “पेपर तेवढा गेला तो गेला.”

संयू उठून उभी राहिली. मैदानात माइकवर हॅलो म्हणताना उभी राहिली होती तशी.

“आई, तू पण ऐक. माझा निर्णय झालाय,” ती म्हणाली. “पेपर गेलेला न्हाय. मी दहावीत गेले की त्या वर्षी मार्चला ह्या घरातनं दोघं दहावीला बसणार. एक मी आणि एक तुम्ही, पप्पा. आमचे शिपाईमामा बाहेरून बसून पास झाले, काय करायचं ते सगळं त्यांना इचारून घेतलंय मी. अभ्यास रोज संध्याकाळी, ह्याच टेबलावर. इंग्लिश तुम्हाला जड जाईल, ते मी बघते. गणित तुम्ही मला शिकवायचं. आणि गणिताच्या पेपरादिवशी व्हॅन तुम्हीच चालवायची, मी शेजारी बसणार, रस्त्यात कुठं व्हिडिओ गेमचं दुकान दिसलं तर ब्रेक दाबायचा न्हाय. नुसता पाय बी उचलायचा न्हाय.”